कायमच्या प्रदूषणाचा नकाशा: पत्रकार, शास्त्रज्ञ आणि अनुदान यांचे एक प्रकरण

युरोपातील पाण्यात आणि मातीत पीफास ही निसर्गात विघटित न होणारी रसायने कुठे आणि किती आहेत, याची बरीच माहिती २०२२ पूर्वीच कोणत्या ना कोणत्या कार्यालयात नोंदलेली होती. पर्यावरण खात्यांच्या तक्त्यांत, पाणीपुरवठा संस्थांच्या तपासणी अहवालांत आणि शोधनिबंधांना जोडलेल्या पुरवण्यांत ती विखुरलेली होती. एका जागी कोणी मांडली नव्हती. २३ फेब्रुवारी २०२३ रोजी फ्रान्सच्या ‘ल मोंद’सह १८ वृत्तसंस्थांनी ती मांडली आणि या कामाला ‘फॉरएव्हर पोल्यूशन प्रोजेक्ट’ असे नाव दिले. पुढील टिपणात या नकाशाकडे अनुदानाच्या बाजूने पाहिले आहे: पत्रकार आणि शास्त्रज्ञ एका कामासाठी एकत्र आले तेव्हा पैसा कुठून आला, तो कशावर खर्च करण्याजोगा होता, कोणते निर्णय अवघड होते आणि कोणते अर्धवट राहिले. संस्थांची नावे सार्वजनिक नोंदीतली आहेत. व्यक्तींची नावे टाळली आहेत, कारण इथे महत्त्व भूमिकांना आहे.

पार्श्वभूमी

पीफास हे एक रसायन नसून हजारो संयुगांचे कुटुंब आहे. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध अतिशय मजबूत असल्यामुळे तेल, पाणी आणि उष्णता यांचा या संयुगांवर फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कपडे, खाद्यपदार्थांची वेष्टने, विमानतळांवरचा आग विझवण्याचा फेस अशा कितीतरी ठिकाणी ती वापरली गेली. ज्या गुणामुळे ती उद्योगाला हवीशी झाली त्याच गुणामुळे ती निसर्गात विघटित होत नाहीत. त्यांपैकी काहींचा संबंध कर्करोगाशी, थायरॉइडच्या विकारांशी आणि लसीला मिळणारा प्रतिसाद कमी होण्याशी जोडला गेला आहे.

युरोपात हा विषय दोन ठिकाणांनी पुढे आणला. पहिले इटलीतील व्हेनेतो. २०१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या पाणीविषयक संस्थेने नद्या, भूजल आणि नळाच्या पाण्यातही पीफास सापडल्याचे नोंदवले, आणि माग त्रिस्सिनो गावातल्या मितेनी या कारखान्यापर्यंत गेला. बाधित पट्ट्यात सुमारे साडेतीन लाख लोक राहतात. मुलांच्या रक्ताच्या तपासणीचे आकडे हातात पडल्यावर तिथल्या आया संघटित झाल्या आणि ‘माम्मे नो पीफास’ ही त्यांची चळवळ देशभर माहीत झाली. दुसरे ठिकाण बेल्जियममधील अँटवर्पजवळचे झ्वेनद्रेख्त. तिथे रस्त्याच्या मोठ्या बांधकामासाठी उकरलेल्या पीफासयुक्त मातीवरून २०२१ मध्ये वाद पेटला आणि शेजारी पीफास बनवणाऱ्या ३एम कंपनीने २०२२ मध्ये फ्लेमिश सरकारशी, म्हणजे बेल्जियममधील फ्लँडर्स या प्रदेशाच्या सरकारशी, ५७.१ कोटी युरोंचा करार केला.

दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न उरत होता: प्रदूषण फक्त इथेच आहे, की फक्त इथेच कोणी पाहिले आहे?

अडचण

हा प्रश्न सोडवण्याची अर्धी साधने पत्रकारांकडे होती आणि अर्धी शास्त्रज्ञांकडे. माहिती अधिकाराचे अर्ज कसे लिहायचे, नकार आल्यावर अपील कसे करायचे, जुन्या परवान्यांच्या फायलींतून कारखान्याचे मूळ नाव कसे शोधायचे, हे शोधपत्रकाराला येते. पण हाती आलेल्या तक्त्यात एका विहिरीसमोर सहा संयुगांची बेरीज असेल आणि दुसऱ्या विहिरीसमोर वीस संयुगांची, तर त्या दोन आकड्यांची तुलना करता येते की नाही, हे त्याने अंदाजाने ठरवणे धोक्याचे असते. शास्त्रज्ञाचे नेमके उलटे असते. आकड्याचा अर्थ तो जाणतो, परंतु दहा-बारा देशांतल्या खात्यांशी वर्षभर पत्रव्यवहार करत राहणे हे त्याच्या संशोधन प्रकल्पात कुठेच बसत नाही.

पैशाचीही तीच फट होती. संशोधनाला मिळणारे अनुदान बातमीदारीसाठी वापरता येत नाही. वृत्तपत्राच्या अंदाजपत्रकात एका विषयावर अनेक महिने काम करणाऱ्या चमूची तरतूद क्वचितच असते, आणि असली तरी ती एका देशापुरती असते. मोठ्या दैनिकांचे बातमीदार निदान पगारावर असतात. त्यांच्याबरोबर काम करणारे मुक्त पत्रकार आणि लहान स्वतंत्र नियतकालिके मात्र प्रत्येक आठवड्याचा हिशेब स्वतःच्या खिशातून मांडत असतात.

बाहेरून न दिसणारी आणखी एक अडचण होती. या कामातला सर्वांत मोठा खर्च प्रवासाचा किंवा प्रयोगशाळेचा नव्हता, तो तक्त्यांच्या साफसफाईचा होता. ज्याने वेगवेगळ्या देशांतले सरकारी तक्ते कधी एकत्र केले आहेत त्याला हे सांगावे लागणार नाही. एका ठिकाणी मोजमाप नॅनोग्रॅममध्ये असते, दुसरीकडे मायक्रोग्रॅममध्ये, आणि दोघांत हजारपटीचा फरक आहे. युरोपातील बहुतेक भाषांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम लिहितात, इंग्लंडमध्ये टिंब. त्यामुळे संगणकाने चुकीचा अर्थ घेतला तर निर्धोक विहीर क्षणात धोक्याच्या यादीत जाते. काही रकान्यांत आकड्याऐवजी ‘मोजमाप मर्यादेपेक्षा कमी’ अशी नोंद असते. ती नोंद म्हणजे शून्य नव्हे. प्रयोगशाळेच्या यंत्राला दिसले नाही एवढाच तिचा अर्थ आहे. असे हजारो रकाने माणसाने डोळ्यांखालून घालावे लागतात. अनुदानाच्या अर्जात ही ओळ सगळ्यात कंटाळवाणी दिसते आणि बहुतेक वेळा तिलाच कात्री लागते.

समोर असलेले पर्याय

मागे वळून पाहता, अशा चमूपुढे तीन-चार वाटा दिसतात. पहिली रुळलेली: पत्रकारांनी स्वतः काम करायचे आणि शास्त्रज्ञांना शेवटी फोन करून प्रतिक्रिया घ्यायची. ही वाट स्वस्त आहे, पण तिच्यात शास्त्रज्ञाला तयार निष्कर्षावर बोलावे लागते. चूक पद्धतीत असेल तर ती त्याच्या नजरेला येतच नाही. दुसरी वाट शास्त्रज्ञांनी नकाशा करून शोधनिबंध म्हणून छापायचा आणि पत्रकारांनी त्यावर बातम्या करायच्या ही. त्यात विश्वासार्हता मिळते, मात्र वेळ फार जातो, आणि सरकारी खात्यांकडून न मिळणारी कागदपत्रे मिळवण्याचे काम कोणीच करत नाही.

तिसरी वाट पर्यावरण संघटनांबरोबर जाण्याची होती. पैसा आणि माणसे दोन्ही तिथून मिळू शकतात. पण ज्या विषयावर उद्योगांचे वकील प्रत्येक ओळ तपासणार आहेत, त्यात ‘ही मोहीम आहे’ असा आरोप पहिल्याच दिवशी झाला असता.

निवडलेली वाट चौथी होती. पत्रकारांनी काम चालवायचे, शास्त्रज्ञांना पहिल्या टप्प्यापासून सल्लागार म्हणून आत घ्यायचे, आणि सीमा ओलांडणाऱ्या शोधपत्रकारितेसाठी असलेल्या निधींकडून मदत मागायची. अशा कामाला पुढे ‘तज्ज्ञ-समीक्षित पत्रकारिता’ म्हटले गेले. चमूत २९ पत्रकार आणि ७ वैज्ञानिक सल्लागार होते.

अनुदान कोठून आले आणि कोणत्या अटींवर

मदत प्रामुख्याने दोन ठिकाणांहून आली. पहिली संस्था ब्रुसेल्सची जर्नलिझमफंड. तिची सुरुवात १९९८ मध्ये फ्लँडर्समध्ये एका दिवंगत बेल्जियन शोधपत्रकाराच्या नावाने झाली होती. दुसरा निधी ‘आयजेफॉरईयू’, म्हणजे युरोपातील शोधपत्रकारितेसाठीचा निधी. तो २०१८ पासून आहे, त्यात युरोपीय आयोगाचा पैसा असतो आणि व्हिएन्नाची इंटरनॅशनल प्रेस इन्स्टिट्यूट व तिच्या भागीदार संस्था तो चालवतात. त्याच्या मुख्य योजनेत एका चमूला कमाल ५०,००० युरो मिळू शकतात, आणि विषय एकापेक्षा अधिक देशांचा असावा लागतो.

हा आकडा रुपयांत मोठा वाटेल. परंतु दोन-तीन देशांतल्या माणसांना काही महिने कामावर ठेवायचे म्हटले की तो पुरवून पुरवून वापरावा लागतो. वृत्तसंस्थांनी आपापल्या माणसांचे पगार सोसले नसते तर एवढ्या अनुदानात एवढा नकाशा झाला नसता, असे मला वाटते. अनुदानाने पूर्ण काम विकत घेतलेले नसते. वेगवेगळ्या ठिकाणी आधीच पगारावर असलेल्या माणसांच्या मधली जागा त्याने भरलेली असते.

‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपल्याकडे अशा वेळी हटकून आठवते, आणि ती आठवणे चूक नाही. युरोपीय आयोगच पीफासविषयी कायदा करणार होता, उद्योगांच्या दबावाचे लक्ष्यही तोच होता, आणि त्याच आयोगाचा पैसा या निधीत होता. यावरचा उपाय दोन पातळ्यांवर केलेला असतो. पैसा देणारा आणि चमू निवडणारा यांच्यामध्ये स्वतंत्र परीक्षक मंडळ असते, आणि मजकुरावर निधीचा कोणताही अधिकार चालत नाही. हे दोन्ही नियम कागदावर लिहिलेले असणे महत्त्वाचे, कारण प्रसिद्धीनंतर पहिला प्रश्न पैशाचाच येतो आणि त्या वेळी तोंडी खुलासा पुरत नाही.

निर्णयाचे टप्पे

पहिला खरा निर्णय रेघ कुठे मारायची हा होता. पाण्यात अंशमात्र पीफास आढळलेले प्रत्येक ठिकाण नकाशावर टाकले असते तर नकाशा ठिपक्यांनी भरून निरर्थक झाला असता. फक्त कायद्याची मर्यादा ओलांडणारी ठिकाणे घेतली असती तर तो सरकारी निकषाचा गुलाम झाला असता. चमूने लिटरमागे १० नॅनोग्रॅम ही खालची रेघ ठरवली आणि १०० नॅनोग्रॅमच्या वरच्या ठिकाणांना वेगळे स्थान दिले. १०० हा आकडा हवेतून आलेला नाही: युरोपच्या २०२० च्या पेयजल निर्देशात २० ठरावीक पीफासच्या बेरजेसाठी हीच मर्यादा आहे. खालचा आकडा मात्र पूर्णपणे पद्धतीचा निर्णय होता, आणि असा निर्णय बातमीदाराने एकट्याने घेऊ नये यासाठीच सल्लागार लागतात.

दुसरा निर्णय याहून नाजूक होता. जिथे कोणी नमुनाच घेतला नाही तिथे काय करायचे? या बाबतीत अमेरिकेतले एक काम उपयोगी पडले. तिथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये ‘अनुमानित प्रदूषण’ अशी पद्धत मांडली होती. आग विझवण्याचा फेस वापरला जातो अशी ठिकाणे, ठरावीक प्रकारचे कारखाने आणि पीफासयुक्त कचरा किंवा सांडपाणी येते अशी ठिकाणे तपासणी होईपर्यंत प्रदूषित धरून चालावे, असे तिचे सूत्र होते, आणि त्यावरून त्यांनी अमेरिकेत ५७,४१२ ठिकाणांची यादी केली होती. युरोपीय चमूने ही पद्धत आपल्या परिस्थितीला जुळवून घेतली.

पत्रकाराच्या दृष्टीने यात मोठी जोखीम आहे. एखाद्या विमानतळाला किंवा कागद गिरणीला ‘अनुमानित’ म्हणणे म्हणजे पुराव्याशिवाय नाव घेणे नव्हे काय? उत्तर वर्गवारीच्या काटेकोरपणात आहे. ज्ञात ठिकाण, म्हणजे मोजमाप झालेले. अनुमानित ठिकाण, म्हणजे मोजमाप नाही पण शास्त्रीय आधाराने शंका घेण्याजोगे. आणि या दोहोंमध्ये चमूने स्वतःची तिसरी वर्गवारी घातली: ज्ञात वापरकर्ते, म्हणजे जिथे पीफास वापरल्याचा पुरावा आहे पण आजूबाजूच्या पाण्याचा आकडा नाही. ही तिसरी वर्गवारी मला या सगळ्या कामातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. ती अमेरिकेच्या पद्धतीत नव्हती. कागदपत्रे शोधण्याची सवय असलेल्या माणसांनी ती आणली, आणि शास्त्रज्ञांनी ती मान्य केली. दोन व्यवसाय एकत्र आल्याचा खरा फायदा अशा ठिकाणी दिसतो.

तिसरा निर्णय खुलेपणाचा. नकाशाबरोबर त्यामागची माहिती आणि पद्धतही लोकांसाठी ठेवली गेली. बातमीदारीच्या रूढ सवयीत हाती लागलेले कागद जपून ठेवले जातात, कारण पुढची बातमी त्यांतूनच निघते. शास्त्रीय सवय उलटी आहे: दुसऱ्याला तपासता येत नसेल तर निष्कर्षाला किंमत नाही. इथे शास्त्रीय सवयीला मान दिला गेला.

निष्पत्ती

प्रसिद्धीच्या वेळी १७,००० हून अधिक ज्ञात ठिकाणे आणि त्यांतील २,१०० हून अधिक अतिप्रदूषित ठिकाणे नकाशावर होती. पुढे माहिती वाढत गेली. २०२४ मध्ये हेच काम ‘एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात शोधनिबंध म्हणून आले तेव्हा ज्ञात ठिकाणे २२,९३४, अनुमानित ठिकाणे २१,४२६ आणि ज्ञात वापरकर्ते २३१ झाले होते. पीफास तयार करणारे कारखाने २० होते. अनुमानित ठिकाणांतली १३,७४५ केवळ आग विझवण्याच्या फेसाची होती. लेखकांच्या यादीत पत्रकार आणि शास्त्रज्ञ शेजारी शेजारी आहेत, ही गोष्ट विद्यापीठीय जगात सहज घडत नाही.

वेळही जुळून आली. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी जानेवारी २०२३ मध्ये संपूर्ण पीफास कुटुंबावर निर्बंध आणण्याचा प्रस्ताव युरोपच्या रसायन संस्थेकडे दिला होता आणि ७ फेब्रुवारीला तो जाहीर झाला होता. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांत नकाशा आला. नकाशामुळे कायदा झाला, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण ‘आमच्या भागात काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्या स्थानिक माणसाच्या हातात प्रथमच एक पान आले.

चमू विखुरला नाही, हीही निष्पत्तीच म्हणावी लागेल. जानेवारी २०२५ मध्ये १६ देशांतल्या ४६ पत्रकारांनी दुसरा टप्पा प्रसिद्ध केला. त्याचा विषय उद्योगांच्या दबावतंत्राचा आणि सफाईच्या खर्चाचा होता. पीफासचे उत्सर्जन असेच चालू राहिले तर युरोपला सफाईसाठी वर्षाला सुमारे १०,००० कोटी युरो लागतील, म्हणजे २० वर्षांत २ लाख कोटी, असा त्यांचा हिशेब होता. तोही शास्त्रज्ञांच्या साहाय्याने मांडलेला.

एक मर्यादा मात्र या निष्पत्तीतच दडलेली आहे. नकाशावर ज्या भागात ठिपके दाट आहेत तो भाग सर्वांत प्रदूषित असेलच असे नाही. तिथे तपासणी सर्वांत जास्त झाली असेल. झ्वेनद्रेख्तनंतर फ्लँडर्समध्ये कसून नमुने घेतले गेले, म्हणून तिथे ठिपके दिसतात. जिथे कोणी बाटली बुडवलीच नाही तो भाग नकाशात स्वच्छ दिसतो. चमूने हे स्वतःच स्पष्ट लिहिले होते, तरी नकाशा पाहणारा माणूस तळटीप वाचत नाही.

त्रिस्सिनोहून लोट्याला

या प्रकरणाचा एक धागा थेट कोकणात येतो. मितेनी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची यंत्रसामग्री महाराष्ट्रातल्या एका रसायन कंपनीने लिलावात घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली गेली. तिकडे जून २०२५ मध्ये इटलीतील विचेंझाच्या न्यायालयाने मितेनीच्या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. सगळ्यांच्या शिक्षांची बेरीज १४१ वर्षे होते.

इथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि नेमक्या याच जागी वर सांगितलेली वर्गवारी कामाला येते. यंत्रे तिकडून आली म्हणून प्रदूषणही आले, असे म्हणता येत नाही. नवा मालक कोणती संयुगे बनवतो, सांडपाण्यावर कोणती प्रक्रिया करतो, हे वेगळे प्रश्न आहेत. ते कागदांवरून आणि पाण्याच्या नमुन्यांवरून सुटतात. कागद मिळाले तर ठिकाण कोणत्या वर्गात बसते हे ठरेल; ‘ज्ञात’ हा शब्द वापरायला मात्र आकडाच लागेल. लोट्याच्या सांडपाण्याविषयी दाभोळ खाडीतले मच्छीमार कित्येक वर्षे तक्रार करत आले आहेत. त्या तक्रारी पीफासच्या कितीतरी आधीच्या आहेत, आणि दोन्हींची सरमिसळ केली तर दोन्हींचे नुकसान होते.

समजा रत्नागिरीचा एखादा बातमीदार आणि मुंबई-पुण्यातली एखादी रसायनशास्त्रज्ञ यांनी मिळून हे काम करायचे ठरवले. पहिली भिंत पैशाची येईल. २०१० च्या परकीय योगदान विनियमन कायद्याच्या कलम ३ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचा बातमीदार, स्तंभलेखक, संपादक किंवा मालक यांना परकीय योगदान स्वीकारता येत नाही. ध्वनी-चित्र माध्यमांतून बातम्या देणाऱ्या संस्थांनाही तीच मनाई आहे. म्हणजे युरोपातल्या निधीने इटालियन चमूला रत्नागिरीपर्यंत येण्याचा खर्च दिला तरी त्या चमूबरोबर काम करणाऱ्या स्थानिक वृत्तपत्राला त्यातला वाटा घेताना आधी वकिलाचा उंबरठा झिजवावा लागेल. देशांतर्गत मदतीचे मार्ग आहेत. भारतीय दात्यांच्या पैशावर २०१५ पासून चालणारे बंगळुरूचे एक प्रतिष्ठान स्वतंत्र माध्यमांना अनुदान देते. पण ‘बातमीदार आणि शास्त्रज्ञ मिळून अर्ज करा’ असे सांगणारी योजना आपल्याकडे रुळलेली नाही.

दुसरी भिंत निकषांची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, पीफाससाठी मर्यादाच दिलेली नाही. त्यामुळे आकडा हाती आला तरी ‘मर्यादेपेक्षा इतका जास्त’ हे नेहमीचे वाक्य लिहिता येणार नाही. कोणत्या देशाच्या कोणत्या मर्यादेशी तुलना केली आणि का, हे प्रत्येक वेळी सांगावे लागेल. हा निर्णय शास्त्रज्ञाचा आहे, आणि म्हणून तिचे मानधन अंदाजपत्रकात पहिल्या महिन्यापासून असले पाहिजे.

वेगळे काय करता आले असते

नकाशा प्रसिद्ध होतो, अनुदान संपते, आणि दुसऱ्या दिवसापासून माहिती शिळी होऊ लागते. नवे नमुने येतात, कारखाने बंद होतात, कोणी पत्र पाठवून चूक दाखवते. हा सांभाळ कोणाकडे? वृत्तपत्राची ती सवय नाही. या प्रकरणात पुढे फ्रान्सच्या सीएनआरएस या राष्ट्रीय संशोधन संस्थेत ‘पीफास डेटा हब’ उभे राहिल्यामुळे माहितीला कायमचे घर मिळाले. हे चांगले झाले, पण ते नंतर झाले. माझ्या मते अनुदानाच्या अर्जातच असा रकाना हवा: काम संपल्यावर तक्ता कोण सांभाळणार, किती वर्षे, आणि दुरुस्तीची विनंती कोणाकडे जाणार.

दुसरी गोष्ट श्रेयाची आणि वेळापत्रकाची. शास्त्रज्ञाच्या बढतीला शोधनिबंध लागतो, पत्रकाराला पहिल्या पानाची तारीख लागते. इथे बातमी २०२३ मध्ये आली आणि निबंध २०२४ मध्ये. क्रम उलटा असता तर बातमी वर्षभर थांबली असती. हा क्रम आधीच लिहून ठेवावा, कारण काही नियतकालिके आधी प्रसिद्ध झालेल्या माहितीविषयी कुरकुरतात आणि तेव्हा कोणाला तरी पड खावी लागते.

तिसरी गोष्ट चुकीच्या जबाबदारीची. नकाशावरचा एखादा ठिपका चुकला आणि कारखान्याने नोटीस पाठवली, तर वृत्तपत्राचे वकील वृत्तपत्राचा बचाव करतील. सल्लागार म्हणून नाव असलेल्या प्राध्यापकाचा बचाव कोण करणार? अठरा वृत्तसंस्थांच्या गर्दीत हा प्रश्न झाकला जातो. एक जिल्हा दैनिक आणि एका महाविद्यालयातली एक शास्त्रज्ञ एवढाच चमू असेल, तर तो उघडा पडतो. कायदेशीर सल्ल्याचा खर्च अनुदानात दोघांसाठी धरणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

आणि नमुन्यांविषयी. युरोपीय चमूचा मुख्य भर आधीच असलेल्या मोजमापांवर होता. आपल्याकडे ती मोजमापे फारशी नाहीत, म्हणून इथल्या चमूला बाटली स्वतः भरावी लागेल. टेफ्लॉन हेही पीफास कुटुंबातलेच, म्हणून पीफासच्या नमुन्यासाठी टेफ्लॉनचे झाकण किंवा फीत असलेली बाटली चालत नाही. पॉलिप्रॉपिलीनची किंवा तशाच प्लास्टिकची लागते. नमुना घेणाऱ्याच्या अंगावर पाणी न धरणारा लेप असलेला रेनकोट असेल तर त्यातूनच पीफास बाटलीत जाऊ शकते, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅमच्या हिशेबात तेवढेही पुरते. म्हणून दर फेरीत प्रयोगशाळेचे शुद्ध पाणी त्याच जागी, त्याच हातांनी दुसऱ्या बाटलीत ओतून तीही तपासणीला पाठवतात. त्या कोऱ्या बाटलीत काही सापडले तर त्या दिवसाचे सगळे नमुने संशयास्पद ठरतात. जुलै महिन्यात, लोट्याच्या पावसात, छत्री कोणी धरायची आणि कोऱ्या बाटलीचे शुल्क कोणत्या खात्यात टाकायचे, हे अर्ज भरतानाच ठरवावे लागेल.